भिंतीतल्या वन्सं

कवठेघाटात एका घराला पोहायला शिकवायचं ठरलं, आणि त्यासाठी अख्ख्या गावातून नेमकं तेच घर निवडलं गेलं, जिथल्या दोघी जावा सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

यात कुणाचा खोडसाळपणा नव्हता. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की ते सगळ्यांत आधी नलवड्यांच्या पायरीला लागतं, एवढंच. पूर्वी दहा-बारा वर्षांतून कधीतरी लागायचं. पण समुद्र तापला, तसे ढगही हावरट झाले. तापलेली हवा जास्त वाफ धरते आणि धरलेली एका दमात सोडून देते. महिन्याभराचा पाऊस दोन-तीन दिवसांत कोसळतो, धरणांची दारं उघडावी लागतात, आणि दर श्रावणात गाव गाठोडी बांधून माळावरच्या छावणीत जातं. गाव कायमचंच माळावर न्यावं, असं जवळजवळ पक्कं झालं होतं. तेवढ्यात इचलकरंजीची निलोफर मुजावर ही इंजिनिअर मुलगी ग्रामसभेत उभी राहिली.

"मला एक घर द्या," ती म्हणाली. "पुरात ते सरळ वर आलं, तर सगळ्या गावाला तसेच पाये मिळतील. नाही आलं, तर माळ आहेच."

माळाचं नाव काढलं की मालनआक्का मान फिरवायची. तिला माळाचं वावडं नव्हतं. पण नदी म्हणजे गावाची लेक. ती दारी आली की तिची ओटी भरायची, हळदीकुंकू लावायचं आणि 'आता सावकाश सासरी जा गं' म्हणून वाटेला लावायचं. तिच्या सासूनं हेच केलं होतं. आणि आता? लेक दारी यायची तेव्हा दाराला कुलूप असायचं आणि घरचे लोक छावणीत खिचडीच्या रांगेत. गेली कित्येक वर्षं कृष्णाबाई आल्या पावली, ओटीविना परत जात होती. मालनआक्काला एकदा, फक्त एकदा, आपल्या उंबऱ्यावर उभं राहून तिची ओटी भरायची होती.

म्हणून तिनं ग्रामसभेत हात वर केला. त्याच वेळी पलीकडच्या रांगेत रोहिणीनंही हात वर केला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मालनआक्का थोरली, घराच्या पूर्वेच्या निम्म्यात. रोहिणी धाकटी, पश्चिमेच्या. वाटणी झाली तेव्हा भांडीकुंडी, खणखोल्या, शेवग्याच्या शेंगासुद्धा निम्म्या-निम्म्या झाल्या. पण म्हैस निम्मी होत नाही. साळू थोरल्यांकडे गेली. हीच ती साळू, जिची आई तिला जन्म देताना गेली, आणि जिला रोहिणीनं आपल्या जुन्या साडीत गुंडाळून बाटलीनं दूध पाजून वाढवलं. रोहिणीनं ती मागितली नाही. मालनआक्कानं विचारलं नाही. कडाक्याचं भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. हे नुसतं सायीसारखं धरत गेलं.

दोघे भाऊ, दिनकर आणि संपत, घरात एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि रोज सकाळी स्टँडवरच्या टपरीत एक चहा दोन कपांत ओतून प्यायचे. बायकांना हे ठाऊक होतं. बायकांना ठाऊक आहे हे भावांनाही ठाऊक होतं.

*

"आक्का, एक परात द्या," निलोफर म्हणाली.

मालनआक्कानं परात दिली. निलोफरनं ती म्हशीच्या हौदात सोडली. परात डुलत राहिली.

"पितळेची आहे, बुडत का नाही?"

"पोकळ हाय म्हणून."

"बरोबर. ती जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बळ पाणी तिला खालून देतं. तुमच्या घराखाली मी अशीच परात घालणार. आतून पोकळ कप्पे, आणि बाहेरून उसाच्या चिपाडाची राख घातलेलं हलकं काँक्रीट. कोरड्यात घर जमिनीवरच बसेल. पाणी आलं की पाणीच त्याला उचलेल. मोटर नाही, डिझेल नाही."

"आन् वाहून गेलं म्हंजे? मिरजेत जाऊन शोधायचं व्हय?" कठड्यावर बसलेल्या दिनकरनं विचारलं.

"चार कोपऱ्यांना चार खांब, खालच्या कातळापर्यंत. घराला चार लोखंडी कडी, खांबांभोवती बसवलेली. घर वर जाईल तसं कडं खांबावरून सरकत वर जाईल. पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा वेटोळ्यासारख्या लवचिक, त्याही घराबरोबर वर."

"म्हंजे खांबाच्या बांगड्याच की," मालनआक्का म्हणाली.

"अगदी बांगड्याच! आणि बांगडीचं तुम्हाला माहितीये. हात सरळ असेल तर सुळकन सरते. तिरका झाला की?"

"अडकती."

निलोफरनं परातीत एका कडेला दोन कांदे ठेवले. परात कलली. तिसरा ठेवला. कडेवरून पाणी आत आलं आणि परात गुडगुड करत तळाला गेली. पलीकडच्या अंगणात रोहिणी धुणं वाळत घालत होती. तिचा हात तसाच दोरीवर थांबला.

"एक परात आणि दोन चुली," निलोफर म्हणाली. "एका बाजूला वजन फार झालं तर बांगड्या अडकतील आणि घर जागेवर बुडेल. म्हणून मी मधोमध एक सोपा ठेवलाय. जड ते सगळं तिथं ठेवायचं. धान्य, पाण्याची टाकी, साळूसुद्धा. दोन्हीकडून दार आहे."

घर तयार झालं तेव्हा सोप्याच्या पूर्वेच्या दाराला मालनआक्कानं आपल्या बाजूनं कडी घातली, पश्चिमेच्या दाराला रोहिणीनं आपल्या बाजूनं. मधला सोपा कुणाचाच नाही, म्हणून कुणी झाडलाही नाही. जड सामान आपापल्या खोल्यांतच राहिलं.

निलोफरनं कपाळाला हात लावला आणि सोप्याच्या भिंतीत वन्सं बसवल्या.

*

हे नाव तिनं दिलं नव्हतं. ती त्याला 'तोल-यंत्र' म्हणायची. साखर कारखान्यात उसाच्या गाड्या तोलायचा काटा असतो ना, तसे लहान काटे घर आणि परात यांच्या मधे, चारी कोपऱ्यांत होते. त्यांची बेरीज-वजाबाकी करून यंत्र भिंतीतून बोलायचं. आवाज निलोफरचाच, तिनं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला, शाळेच्या बाईंसारखा स्वच्छ. दोन्ही घरांत सारखाच ऐकू यायचा.

पहिल्याच आठवड्यात मालनआक्काकडे गुळाच्या ढेपा आल्या.

"पूर्व बाजू जड झाली आहे," भिंत म्हणाली.

पश्चिमेकडून फिसकन हसू आलं.

चार दिवसांनी रोहिणीनं शिलाईचं नवं मशीन आणलं.

"पश्चिम बाजू जड झाली आहे."

"ऐकलं का?" मालनआक्का भिंतीला मोठ्यानं म्हणाली. "इकडं गूळ आला तर हसू फुटतं. आता?"

घरात बसून दोन्हीकडच्या चुगल्या करणारी ती दुसरी कोण असणार? नणंदच. दोघींनीही, एकमेकींना न विचारता, तिला वन्सं म्हणायला सुरुवात केली. आणि गंमत अशी की वन्संच्या नावानं दोघी बोलायला लागल्या.

"वन्सं, तिकडं सांगा, पाव्हणे यायचेत. चौघं. त्यांतला एक पैलवान हाय."

"वन्सं, त्यांना म्हणावं, पैलवानाला पूर्वेच्याबी पूर्वेला नका बसवू. मी पिंपं भरून ठेवते."

आणि खरोखर पश्चिमेकडं नळ सुटायचा, पिंपं भरायची, आणि वन्सं गप्प व्हायच्या.

एकदा सलग दोन दिवस वन्सं म्हणत राहिल्या, "पश्चिम बाजू हलकी झाली आहे." मालनआक्का आधी गालात हसली. मग तिच्या लक्षात आलं की पिंपं भरलेली नाहीत, म्हणजे पाणी भरायला कुणी उठलेलं नाही. संपत त्या आठवड्यात साताऱ्याला गेलेला. तिनं पातळ भात केला, मेतकूट घातलं, डबा रोहिणीच्या खिडकीच्या गजाला अडकवला आणि खोकल्यासारखं करून निघून गेली. तिसऱ्या दिवशी डबा तिच्या गजाला होता, घासलेला, आत करंज्या. रिकामा डबा परत करायचा नसतो, एवढं शहाणपण सहा वर्षांच्या अबोल्यातही शाबूत होतं.

निलोफरनं सगळे आकडे आपल्या लॅपटॉपवर पाहिले आणि ती संपतला म्हणाली, "काका, या घराचा तोल माझ्या हिशेबापेक्षा चांगला राहतोय."

"राहील की," संपत म्हणाला. "दोघी दिवसभर एकमेकींचंच वजन करत बसल्यात."

*

पंचमीच्या आदल्या दिवशी पाणी आलं.

गाव माळावर गेलं. नलवडे राहिले, रिकामं घर वर आलं तर त्यात काय सिद्ध होणार? निलोफर होडी घेऊन अंगणातच थांबली, पिवळी जाकिटं सगळ्यांच्या अंगात. साळूचे दिवस भरले होते, तिला माळावर चालवत नेणं शक्य नव्हतं. ती मालनआक्काच्या पडवीत, पूर्वेला बांधलेली. तिच्या तोलाला पश्चिमेला रोहिणीची पिंपं, ओळीनं.

सकाळचं ऊन मधेच डोकवायचं आणि जायचं. मातकट पाणी अंगणात शिरलं, तुळशीच्या कट्ट्याला वळसा घालून पहिल्या पायरीला लागलं. मालनआक्का उंबऱ्याशी ताट घेऊन बसली होती. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ती हलक्या आवाजात म्हणत होती,

*कृष्णा आली गं माहेरा, तिचा पदर मातकट*
*ओटी भराया जागीच माझी उंबऱ्याची चौकट*

"पूर्व बाजू जड झाली आहे," वन्सं म्हणाल्या.

दिनकरनं साळूसाठी कडब्याच्या जादा पेंढ्या आणून ठेवल्या होत्या. मालनआक्का उठली आणि पेंढ्या होडीत फेकायला लागली. त्याच वेळी भिंतीपलीकडं रोहिणीनं आणखी एक पिंप भरलं.

"पश्चिम बाजू जड झाली आहे."

रोहिणीनं पिंप ओतून टाकलं. इकडं मालनआक्कानं खोलीतली लोखंडी पेटी पडवीत ओढली.

"पूर्व बाजू जड झाली आहे."

मालनआक्कानं पेटी परत ढकलली. रोहिणीनं पिंप परत भरलं.

"पश्चिम बाजू..."

"अहो एका वेळी एकीनंच करा की!" निलोफर होडीतून ओरडली. "दोघी एकदम सावरताय म्हणून तोल जातोय! बोला ना एकमेकींशी!"

बोलायचं म्हणजे नक्की कसं, हेच दोघींना आठवेना.

तेवढ्यात घराच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज आला. ताटातला नारळ आपणहून पूर्वेकडं घरंगळला. साळूला खालच्या जमिनीचा भरवसा वाटेना, ती दाव्याला हिसके देत पडवीच्या पार कडेला गेली होती. पश्चिमेची बाजू वीतभर वर आली, आणि पूर्वेची तिथंच राहिली.

"पूर्वेच्या खांबांवरची कडी अडकली आहेत," वन्सं म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

पाणी पूर्वेच्या शेवटच्या पायरीवर चढलं.

"साळूला मधे घ्या!" निलोफर ओरडली. "सोप्यात! एवढं वजन मधे आलं की बांगडी सुटेल! लवकर!"

मालनआक्कानं सोप्याच्या दाराची आपल्या बाजूची कडी काढली. दिनकरनं दावं ओढलं. साळूनं चारी पाय रोवले. संपत आपल्या दारातून होडीत आणि होडीतून उडी मारून पूर्वेच्या पडवीत आला, सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि मागून रेटायला लागला.

"दादा, वढ!"

"वढतोयच की रं! तू ढकल!"

म्हैस काही हलली नाही. ती मान वळवून भिंतीकडं बघत होती. भिंतीकडं नव्हे, भिंतीपलीकडं.

मालनआक्काला कळलं. खरं तर सहा वर्षं कळतच होतं. रोज धार काढताना साळू अशीच मान वळवायची, आणि ती रोज दुसरीकडं बघायची. पाणी पडवीच्या कडेला आलं. ताटातलं कुंकू एका बाजूला कललं. गाव, माळ, ओटी, सगळं आता एका हाकेवर येऊन थांबलं होतं, आणि ती हाक तिलाच द्यायची होती. वन्संच्या नावानं चालणार नव्हती.

"रोहिणे!"

ती सोप्याच्या उघड्या दाराशी गेली.

"रोहिणे, तिला बोलीव गं. ती माझं न्हाई ऐकत. तिनं कधीच न्हाई ऐकलं." मालनआक्कानं दिनकरचा दाव्यावरचा हात बाजूला केला. "तुझीच हाय ती."

पश्चिमेच्या दाराची कडी खणकन पडली. दार उघडलं. सोप्यात धूळ होती, धुळीत उजेडाचा पट्टा होता आणि पट्ट्यात रोहिणी उभी होती, पदर खोचलेला, हात पिंपातल्या पाण्यानं ओले.

"साळ्या," ती म्हणाली. अगदी हळू, बाटली दाखवताना म्हणायची तसं. "ये गं बाय. ये माझी सोनी."

साळूचे कान उभे राहिले. तिनं दिनकरला बाजूला सारलं, संपतला मागं टाकलं आणि लग्नातल्या विहिणीच्या थाटात दारातून आत, सोप्याच्या मधोमध, रोहिणीच्या पोटावर तोंड ठेवून उभी राहिली.

घर थरारलं.

खट्. पूर्वेची एक बांगडी. खट्. दुसरी. मग चारी खांब एकदम किणकिणले, जणू कुणी सवाष्णीनं हात वर केला. आणि घर सुटलं. धक्का नाही, गचका नाही. झोपलेल्या बाळाला आईनं काखेतून उचलावं तसं पाण्यानं ते उचललं. पायऱ्या खाली राहिल्या. अंगण खाली राहिलं. शेवग्याच्या शेंगा, ज्या काठीनं पाडाव्या लागायच्या, त्या खिडकीशी आल्या. माळ समोर दिसायला लागला आणि माळावरची माणसं ठिपक्यांसारखी नाचताना दिसायला लागली. तिकडून हलगी कडाडली.

"दोन्ही बाजू समान आहेत," वन्सं म्हणाल्या.

होडीत निलोफर खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून हसत रडायला लागली. "काटा सरळ आहे," ती म्हणत होती. "चारी काटे सरळ आहेत!"

*

पाणी उंबऱ्याच्या हातभर खालीच राहून घराबरोबर वर चढत होतं. लेक दाराशी उभी होती आणि घरचे घरात होते.

मालनआक्का उंबऱ्यावर वाकली. तिनं खण, नारळ, तांदूळ सगळं एकदम ओंजळीत घेतलं आणि तांदूळ बोटांतून सांडायला लागले. मागून दोन ओले हात आले आणि तिच्या ओंजळीखाली धरले.

"सावकाश, आक्का."

"तूच धर बाई. माझ्यानं न्हाई हुईत."

"दोघीच धरू की."

दोघींनी खण सोडला, तांदूळ सोडले, कुंकू लावलं. पाण्याला कुंकू कुठं लागतं? पण लागलं, क्षणभर लाल डोळा उघडून मिटला. नारळ डुलत डुलत तुळशीला वळसा घालून निघाला.

"आता सावकाश सासरी जा गं," मालनआक्का म्हणाली. "पुलाचा कठडा मोडू नगंस, आन् ऊस झोपवू नगंस." मग थोडं थांबून, "झोपवलास तरी आमी हाय हितं."

मग तिच्या गळ्यातून आपोआपच निघालं,

*घर तरंगे पाण्यात, जसं कमळाचं पान*

आणि ती अडली. पुढची ओळ नेहमी रोहिणी जुळवायची. भिंत घालण्याआधी, निवडण-टिपण करताना, तसाच खेळ असायचा दोघींचा. रोहिणीनं मागं वळून पाहिलं. साळूनं तिच्या चुलीपर्यंत मान लांबवून परडीतली मेथीची जुडी ओढली होती आणि ती शांतपणे चघळत होती.

*दोघी जावांच्या मधोमध म्हैस मोठी गं भाग्यवान!*

दिनकर आणि संपत कठड्याला टेकून हसता हसता खोकायला लागले. "आता टपरीवर जायला नको," संपत म्हणाला, "घरीच चहा मिळंल."

"कोण देणार?" दोघी एकदम म्हणाल्या.

*

दुपारी सोप्यात, बांधल्यापासून पहिल्यांदाच झाडलेल्या त्या जागेत, साळू व्याली. निलोफर होडी बांधून वर आली होती, ती दारात उभी राहून कधी डोळे झाकून, कधी बोटांच्या फटीतून बघत होती. "पुलांची गणितं सोपी असतात बाई," ती पुटपुटली.

"रेडी हाय," मालनआक्का वासराचं अंग पुसत म्हणाली. तिनं ते रोहिणीकडं सरकवलं. तिच्याकडं न बघता म्हणाली, "ही तुझी. कुणी काय म्हणंल ते म्हणू दे. साळूचंबी बघू काय ते, हितं मधेच ऱ्हाऊ दे तिला. माझ्या दाराची कडी मी काढून ठेवलीय."

"माझ्या बाजूची मीबी काढली," रोहिणी म्हणाली.

रेडी उठायला गेली, पडली, पुन्हा उठली. तिचे पाय चार दिशांना जात होते. घर पाण्यावर अगदी हळू डोलत होतं, आणि रेडीला वाटलं असावं की जग असंच असतं, डोलणारं. ती धडपडत दोन पावलं रोहिणीकडं गेली, मग आणखी दोन, पश्चिमेच्या दारातून थेट आत, आणि रोहिणीच्या चटईवर फतकल मारून बसली. तिच्यामागं साळू निघाली. साळूमागं मालनआक्का, हातात पुसायचं फडकं. तिच्यामागं दोघे भाऊ, कारण चहा तिकडंच उकळत होता. निलोफरही गेली.

घर जरासं कललं. बांगड्या किणकिणल्या, पण अडकल्या नाहीत.

"पश्चिम बाजू जड झाली आहे," वन्सं म्हणाल्या.

मालनआक्कानं भिंतीकडं बघून हात झटकला.

"असू दे, वन्सं," ती म्हणाली. "आज असू दे."